सातबारा आमच्या नावावर, मग दावा का फेटाळला?

प्रश्न : सासऱ्यांनी १९७१ साली नोंदणीकृत खरेदीखताने दोन एकर जमीन घेतली. सातबारा आमच्याच नावावर आहे. शेजाऱ्याने बांध कोरत कोरत दहा-बारा गुंठे गिळले, म्हणून मालकी ठरवून ताबा मिळावा असा दावा केला. खरेदीखताची झेरॉक्सच दाखल होती. मालकी शाबीत नाही म्हणून दावा फेटाळला. जिल्हा न्यायालयात अपील केल्यावर थोरल्या दिरांच्या ट्रंकेत मूळ खरेदीखत सापडलं. वकील म्हणतात, अपिलात नवा कागद चालत नाही. खरं का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, वकिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. खालच्या कोर्टात राहिलेली भोकं बुजवायला अपील नसतं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१, नियम २७ ने दार किलकिलं ठेवलंय : प्रयत्न करूनही कागद तेव्हा मिळाला नसेल, किंवा निकालासाठी कोर्टालाच तो हवा असेल, तर अपिलातही घेता येतो.

आधी सातबाऱ्याचं. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद उलट शाबीत होईपर्यंत खरी धरतात, हे बरोबर. पण फेरफार पडला म्हणून कुणी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. आपल्याकडे तलाठ्याच्या सहीवर लोकांचा भारी विश्वास! मालकी येते ती खरेदीखतातून, वारसाहक्कातून, वाटपातून. आणि शेजाऱ्याकडे कागद नाही म्हणून तुम्ही जिंकत नाही. दावा लावणाऱ्याला आपल्याच पुराव्यावर उभं राहावं लागतं.

मूळ कागदाला मोल आहे ते यासाठी : तीस वर्षांहून जुना दस्त, जिथे असायला हवा तिथूनच निघाला, तर त्यावरच्या सह्या खऱ्या आहेत असं कोर्ट धरू शकतं. १९७१ चे साक्षीदार आता कुठून आणणार? झेरॉक्सला ही सवलत नाही. म्हणून नियम २७ च्या अर्जासोबत दिरांचं प्रतिज्ञापत्र जोडा. वडिलांचे कागद थोरल्याकडे कसे आले, ट्रंक कुठे होती, दावा चालू असताना ती का उघडली नाही, सगळं लिहा. समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल, ‘दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढायला कुणी अडवलं होतं?’ दावा चालू असताना नकलेसाठी अर्ज केला असेल तर त्याची पोच लावा. केला नसेल तर बनाव नको. मग भर द्यायचा तो याच नियमातल्या दुसऱ्या वाटेवर : निकाल देण्यासाठी हा कागद कोर्टालाच हवा आहे. ही वाट अरुंद आहे, पण मालकीचा मूळ दस्तच असेल तर बंद नाही. नक्कल आणि इंडेक्स-२ चा (नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या सूचीचा) उतारा आताही काढा.

खरी मेख मात्र पुढे आहे. तुमच्या गावात १९७१ नंतर जमिनींचं एकत्रीकरण (विखुरलेले तुकडे जोडून गट पाडणं) झालं असेल, तर खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि सातबाऱ्यावर गट नंबर असेल. दोन्ही एकच जमीन, हे कोण सांगणार? त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा आणि जुने सातबारे काढा. चतु:सीमा आजच्या शेजाऱ्यांशी ताडून बघा. हे जुळलं नाही, तर अस्सल खरेदीखत हातात असूनही ‘कुठली जमीन?’ हा प्रश्न उरतोच.

अतिक्रमण किती, हे मोजणीशिवाय ठरत नाही. दाव्यात मोजणी झाली होती का, हे तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर कोर्ट कमिशनर म्हणून मोजणी अधिकारी नेमावा, असा वेगळा अर्ज अपिलातच द्या.

दोन्ही अर्ज युक्तिवाद सुरू व्हायच्या आत पडू द्यात. नियम २७ चा अर्ज बहुधा अपिलाच्या अंतिम सुनावणीबरोबरच ऐकतात, त्यामुळे लगेच हुकूम झाला नाही तरी घाबरू नका. पण त्यावर कारणांसह हुकूम व्हायला हवा, हे वकिलांना सांगून ठेवा. पुढे दुसरं अपील करायची वेळ आली, तर उच्च न्यायालय फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न बघतं. तिथे ट्रंक उघडून उपयोग नाही. आणि हो, ते खरेदीखत लॅमिनेट करू नका.