‘नैराश्य सगळ्यांना सारखंच, मग बायकांसाठी सेवा वेगळी कशाला?’ असं विचारणाऱ्या रुग्णालयाला काय उत्तर द्यावं?

तुमच्या गटाने रुग्णालयाकडे स्त्रियांच्या गरजा ओळखणारी मानसिक आरोग्यसेवा मागितली आणि व्यवस्थापनाने या एका वाक्यात विषय मिटवला, असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य आम्हीही ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी झोप उडाली. बाळ शांत झोपलेलं असायचं आणि मी टक्क जागी. बाळाकडे बघून काही वाटायचंच नाही, आणि त्याची इतकी लाज की कोणापाशी बोलले नाही. शेवटी मानसोपचार विभागात गेले, तर नवरा शेजारी बसलेला. प्रश्न मला, उत्तरं त्याची. त्याला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं असतं तर मी बोलले असते. पुढची तारीख सकाळी अकराची मिळाली, आणि लहान मूल आत आणायचं नाही, असा नियम. मी परत गेलेच नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की व्यवस्थापनाला आधी हे विचारा: पहिल्या भेटीनंतर किती बायका परत आल्या नाहीत, आणि का? जी आली तिचा आजार सारखा असेलही, पण जी येऊच शकली नाही ती कोणाच्या हिशेबात नसते.

आकडेही जवळ ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्त्रियांमध्ये नैराश्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आहे. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी १० टक्क्यांहून अधिक जणींना ते होतं. ते ओळखायला एडिनबरा प्रश्नावली १९८७ पासून आहे. प्रश्न फक्त दहा. बाळाला लस द्यायला आई येतेच, तिथेच ती भरून घेता येते. पण दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला ‘हो’ म्हणणारीला त्याच दिवशी भेटणारं माणूस नसेल तर नुसता कागद भरून घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

औषधांचा मुद्दा डॉक्टरांना चटकन पटतो. झोल्पिडेम हे झोपेचं औषध स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्यासाठी नेहमीच्या गोळीचा सुचवलेला डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला. व्हॅल्प्रोएट या फिट्स आणि मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरच्या औषधाने गर्भाला गंभीर इजा होऊ शकते, तेव्हा ते लिहून देण्याआधी मूल हवंय का, हे विचारायलाच हवं. (चालू असेल तर मात्र कोणी मनाने बंद करू नये.)

आणि हिंसा. जगात जवळजवळ तीनपैकी एका स्त्रीच्या वाट्याला आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा येते, बहुतेकदा जोडीदाराकडूनच. त्याबद्दल घरच्या माणसासमोर विचारलं तर घरी गेल्यावर तिलाच भोगावं लागू शकतं. विचारायचं ते एकटीला, दार लावून.

आमची एक चूक तुम्ही टाळा. आमच्या पहिल्या अर्जात सगळं बाळंतिणींबद्दलच होतं. तो वाचून दाखवला तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईने विचारलं, “मला मूल नाही. पाळी जाताना माझं सगळं बिनसलं. मी यात कुठे आहे?” अर्ज पुन्हा लिहिला आणि त्या बाईंनाच व्यवस्थापनासमोर बोलायला बसवलं. त्या बोलल्या तेव्हा समोरचे पहिल्यांदा लिहून घेऊ लागले.

वर्षभर पाठपुरावा केल्यावर आठवड्यातून एक संध्याकाळची ओपीडी मिळाली, बाळाला आत न्यायची मुभा मिळाली, आणि पहिल्या भेटीत दहा मिनिटं रुग्णाशी एकटीशी बोलायचं, हे ठरलं. पूर्णवेळ समुपदेशक अजून मागतोच आहोत.