गोठ्याशेजारी लढाऊ विमानं

प्रश्न : ताई, जूनमध्ये आम्ही स्वित्झर्लंडमधल्या मायरिंगेनला उतरणार आहोत. तिथे लष्करी विमानतळ आहे म्हणे. सासूबाईंना आवाजाचा त्रास होईल का?

उत्तर : आवाज होतो, आणि चांगलाच होतो. मी तिथे आठ दिवस राहिले आहे. हास्लीचं खोरं अरुंद, दोन्ही बाजूंना उभे कडे. एफ/ए-१८ हे लढाऊ विमान उडालं की आवाज डोंगरांत घुमत राहतो. पहिल्या सकाळी माझ्या हातातला चहा बशीत सांडला होता. कुंपणापलीकडच्या गाई मात्र मान वर न करता चरत होत्या! विमानं डोंगर पोखरून केलेल्या गुहेत ठेवतात. धावपट्टीलगत गवताची कुरणं, घरं, गोठे.

सराव सहसा सोमवार ते शुक्रवार असतो, तोही दिवसा. जेवणाच्या वेळी शांतता. म्हणून शनिवार-रविवार गाठा, आणि सासूबाईंसाठी कापूस जवळ ठेवा. तिथल्या लोकांचं मला फार वाटतं. आपण दोन दिवसांचे पाहुणे, त्यांना तिथेच लेकरं निजवायची असतात. २०२१मध्ये स्विस सरकारने ३६ एफ-३५ विमानं निवडली. ती जुन्यांपेक्षा जास्त आवाज करतात, म्हणून गावात काळजी आहे. घरमालकीणबाईंशी याबद्दल जरूर बोला. त्या मोकळेपणाने सांगतात.