वाचकांचे प्रश्न : इंजिन ऑइल जाड घालावं की पातळ?

मिरगाच्या आधी गाडीचं ऑइल बदलायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यामुळे या महिन्याच्या पत्रांत तोच विषय जास्त दिसला. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझी ११० सीसीची स्कूटर आहे. पुस्तकात १०डब्ल्यू-३० ऑइल लिहिलंय. गॅरेजवाला म्हणतो, कोकणात उकाडा फार, २०डब्ल्यू-५० घाला, इंजिन जास्त टिकेल. घालू का? (वाचक, गुहागर)

उत्तर : नको. उकाडा तुम्हाला होतो, इंजिनाला होत नाही. वैशाखात अंग चिकचिकतं ते हवेतल्या ओलाव्यामुळे, कारण घाम सुकत नाही. इंजिनाला घाम येत नाही, त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. किनाऱ्यावर ते उन्हाळ्यातही बहुतेक दिवस ३३-३५ अंशांच्या आसपास असतं. तुमचीच स्कूटर चंद्रपुरात ४५ अंशांत धावते आणि तिथल्या पुस्तकातही १०डब्ल्यू-३०च छापलेलं असतं.

आता डब्यावरचे आकडे. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत ऑइल कितपत वाहतं ते सांगतो. इंजिन फिरवण्याची ही परीक्षा १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांना होते, १५डब्ल्यूसाठी उणे २० ला आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ ला. त्यामुळे थंडीत गाडी सुरू होईल का, ही चिंता गुहागरात करायचं कारणच नाही.

मागचा आकडा आपल्या कामाचा. ऑइल १०० अंशांना तापल्यावर किती दाट उरतं, ते त्यावरून कळतं. ३० नंबरचं ऑइल तेव्हा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं माप) असतं, ४० नंबरचं १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. इंजिनातल्या फटी आणि ऑइल पंप या तीन पट्ट्यांपैकी एखाद्याचा हिशेब धरून बनवलेले असतात.

त्या हिशेबाबाहेरचं जाड ऑइल घातलं की पहिला त्रास सकाळी होतो. थंड इंजिनात २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-३० च्या साधारण दुप्पट किंवा त्याहूनही जाड असतं. पंपावर दाब वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह असेल तर तो उघडतो, आणि वर कॅमशाफ्टकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याकडे) जायचं ऑइल परत खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भागात, येतं. इंजिनाची बरीचशी झीज याच वेळात होते. शिवाय अ‍ॅव्हरेज पडतं. ऑइल नुसतं वंगण नाही, ते उष्णताही वाहून नेतं. सावकाश फिरणारं ऑइल ते काम नीट करत नाही.

पुस्तकात दोन-तीन ग्रेड दिले असतील तर त्यांतला जाड निवडायला हरकत नाही. डबा घेताना त्यावर ‘जासो एमबी’ आहे का तेही बघा; जासो हे दुचाकीच्या ऑइलाचं जपानी मानक. तुमच्या स्कूटरला ते चालतं. मोटारसायकलला चालत नाही, का ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : घरात कारचं महागडं सिंथेटिक ५डब्ल्यू-३० उरलं होतं. ते १२५ सीसीच्या मोटारसायकलला घातलं. आता चढावर रेस वाढते, पण गाडी ओढत नाही. ऑइल पातळ पडलं का? (वाचक, देवरुख)

उत्तर : पातळपणाचा दोष नाही, क्लच घसरतोय. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा एकाच ऑइलात बुडलेल्या असतात. कारच्या बऱ्याच पातळ ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. कारला ती बरी, पण क्लचचं सगळं काम घर्षणावरच चालतं. म्हणून मोटारसायकलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हवं. स्कूटरचा क्लच कोरडा आणि वेगळा असतो, म्हणून तिला एमबी चालतं.

आताचं ऑइल गरम असतानाच पूर्ण काढा. पुस्तकातल्या ग्रेडचं एमए२ घाला, दोनतीनशे किलोमीटर चालवा आणि ते पुन्हा बदला. लवकर लक्षात आलं असेल तर क्लच पूर्ववत होतो. प्लेटा जळून गुळगुळीत झाल्या असतील तर त्या बदलाव्याच लागतील.

ऑइल भरताना पुस्तकातल्या मापापेक्षा १०० मिली कमी ओता. इंजिन तीन मिनिटं चालवून बंद करा, दोनतीन मिनिटं थांबा, मग गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून ऑइलची पातळी दाखवणारी काडी बघा. बहुतेक मोटारसायकलींत काडी नुसती टेकवायची असते, आटे फिरवून बसवायची नसते. आटे फिरवले तर पातळी आहे त्याहून जास्त दिसते, आणि गाडी ऑइल कमी असतानाच धावत राहते. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घाला. दहापाच रुपयांच्या वॉशरसाठी चेंबरचे आटे गेलेल्या गाड्या कमी नाहीत.

प्रश्न : पावसाळ्यात कारच्या ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखं काहीतरी जमतं. घर ते बाजारपेठ एवढाच रोजचा फेरा, जेमतेम अडीच किलोमीटर. हेड गॅस्केट गेलं असेल का? (वाचक, चिपळूण)

उत्तर : बहुधा नाही. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील; ते गेलं तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलात उतरू शकतं. पण तुमचं पाणी दुसरीकडून येत असावं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरते. ऑइल नीट तापलं तर ती उडून जाते. अडीच किलोमीटरमध्ये ऑइल कोमट होतं आणि गाडी बंद होते. मग वाफेचं पाणी होऊन ऑइलात घुसळलं जातं. कोकणात ऑइल उन्हापेक्षा अशा छोट्या फेऱ्यांनी जास्त बिघडतं.

काडी बाहेर काढा. साय फक्त झाकणाला असेल, काडीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर घाबरू नका. आठवड्यातून एकदा सलग २५-३० मिनिटं गाडी चालवा. बहादूरशेख नाक्यावरून सावर्ड्यापर्यंत जाऊन आलात तरी पुरे. ऑइल मात्र किलोमीटरवर न जाता सहा महिन्यांनी बदला. काडीवरही दुधाळ ऑइल दिसलं, पातळी आपोआप वाढली किंवा कूलंट उतरत गेला, तर गाडी सुरू न करता गॅरेजला ओढून न्या.

पुराचं पाणी ही वेगळी गोष्ट. २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांबद्दल अजून पत्रं येतात, म्हणून पुन्हा लिहितो. पाण्यातून काढलेल्या गाडीची चावी फिरवू नका. आधी बॅटरीची वायर काढा. ड्रेन बोल्ट सोडलात की पाणी जड असल्यामुळे आधी पाणी येतं, मग ऑइल. एअर फिल्टर, ऑइल फिल्टर बदला. प्लग काढून इंजिन फिरवा, म्हणजे सिलिंडरमधलं पाणी बाहेर पडेल. मग स्वस्तातलं पण योग्य ग्रेडचं ऑइल भरा, दहा मिनिटं चालवा, तेही काढून टाका. दुसऱ्यांदाही दुधाळ निघालं तर तिसऱ्यांदा करा. चांगलं ऑइल त्यानंतरच.

प्रश्न : जुनी डिझेल पिकअप, दोन लाख किलोमीटर झालेली. हंगामात आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली घाट चढतो. हल्ली हजार किलोमीटरमागे अर्धा लिटर ऑइल पिते. आता १५डब्ल्यू-४० आहे. २०डब्ल्यू-५० घातलं तर? (वाचक, खेड)

उत्तर : जाड ऑइलाची गोष्ट जिथे रास्त आहे ती ही जागा. पण आधी ऑइल जातं कुठे ते शोधा. चेंबरखाली पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवा. थेंब दिसले तर सील किंवा गॅस्केटचं काम आहे, ऑइलची ग्रेड बदलून ते भागणार नाही. चढावर निळा धूर येत असेल तर रिंगा झिजल्यात किंवा टर्बोचं (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याचं) सील गेलंय. काळा धूर डिझेलचा असतो, त्याचा ऑइलशी संबंध नाही.

रिंगा झिजल्या असतील तर २०डब्ल्यू-५० ने ऑइल पिणं थोडं कमी होईल. एक-दोन हंगाम ढकलता येतील, इंजिनाचं काम टळणार नाही. डब्यावर डिझेलचा दर्जा, म्हणजे ‘एपीआय सीआय-४’ किंवा त्यावरचा, हवाच. फक्त पेट्रोल गाड्यांसाठी असलेलं २०डब्ल्यू-५० डिझेलच्या काजळीला पुरं पडत नाही. टर्बो असेल तर घाट चढून चहाला थांबल्यावर लगेच चावी काढू नका, मिनिट-दोन मिनिटं इंजिन हळू चालू द्या. नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच करपतं.

हे सगळं जुन्या गाडीपुरतं. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेल गाडीला धुराचा फिल्टर असतो आणि त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. तिथे पुस्तकापलीकडे जाऊ नका.

प्रश्न : गवत कापायच्या मशीनला आणि होडीच्या आउटबोर्डला (मागे लावायच्या इंजिनाला) एकच टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात मिसळायचं, ऑइल चालेल का? (वाचक, मालवण)

उत्तर : होडीला दुचाकीचं टू-टी घालू नका. पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक आउटबोर्डला ‘टीसी-डब्ल्यू३’ लागतं, त्यात राख होणारी द्रव्यं नसतात. दुचाकीच्या ऑइलाची राख प्लगवर आणि रिंगांवर बसते. ग्रासकटर टू-स्ट्रोक असेल तर एक लिटर पेट्रोलला १:५० च्या हिशेबाने २० मिली ऑइल, १:२५ असेल तर ४० मिली. डोळ्याच्या अंदाजाने ओतू नका, औषधाचं माप वापरा. फोर-स्ट्रोक ग्रासकटरच्या पेट्रोलात ऑइल घालायचंच नसतं. त्याच्या चेंबरमध्ये बहुधा १०डब्ल्यू-३० असतं, तेही लहान मशीनला १०० मिलीच्या आसपास. इतक्या थोड्या ऑइलातून दहा-वीस मिली कमी झालं तरी इंजिन जाम होऊ शकतं, म्हणून दर वेळी कापायला घेण्यापूर्वी पातळी बघा.

प्रश्न : काढलेलं काळं ऑइल गाडीच्या खाली मारलं तर खाऱ्या हवेत गंज लागत नाही म्हणतात. खरं का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पत्र्यावर काही दिवस थर राहतो, एवढंच. त्यात धूळ चिकटते, पावसात ते धुऊन अंगणात उतरतं, आणि रबरी बुश फुगून मऊ पडतात. वापरलेल्या ऑइलात आम्लही असतं. गंजासाठी अंडरकोटिंग (खालच्या पत्र्यावर गंजरोधक थर) करा आणि चाकांच्या आतली चिखलमाती नुसत्या पाण्याने धूत राहा. काळं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, ते भंगारवाल्याकडे विकलं जातं. विहिरीपासून किंवा मळ्यापासून ते लांबच ठेवा.