खटक्याचा चाकू घेण्याआधी

फोंडा
चवथीनंतरचा दुसरा रविवार

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. खाली लिहिलेलं "सर, पहिल्या पगारातून घेतेय, बरा आहे ना?" हेही वाचलं. फोनवर 'बरा आहे' म्हणून मोकळा झालो असतो, पण फोटोतल्या चाकूच्याच जातीचा एक चाकू माझ्या टेबलाच्या खणात पडलाय. काळं पातं, काळी मूठ, मुठीला काळी क्लिप आणि डब्यावर मोठ्या अक्षरात 'टॅक्टिकल'. जहाजावरच्या भाच्याने मे महिन्यात आणून दिला. मेपासून चवथीपर्यंत, म्हणजे अख्खा पाऊस मी तो वापरला. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. घाईत असलीस तर लॉकचा भाग तेवढा वाच आणि मगच पैसे दे.

आधी कौतुक करतो, खोटं कशाला बोलू? पहिल्या संध्याकाळी शंभरदा तरी तो उघडला-मिटला असेन. मिटलेल्या पात्याचं एक छोटं नाक मुठीच्या मागे बाहेर डोकावतं. त्यावर तर्जनी दाबली की पातं सर्रकन फिरतं आणि 'टक्' होतं. पातं ज्या खिळीवर फिरतं तिथे दोन्ही बाजूंना बारीक गोळ्यांचं बेअरिंग आहे, म्हणून ही चाल. मिटल्यावर पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसतं. मी दोन्हीकडे फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून पाहिला, हसू नकोस. दोन्ही फटी सारख्या निघाल्या. कारखान्यातून हजारांनी निघणाऱ्या वस्तूत एवढं जमणं सोपं नसतं, हे तुला सांगायला नको.

मूठ जी-टेनची आहे. काचेचं कापड इपॉक्सीत भिजवून दाबलेलं, म्हणजे सर्किट बोर्डाचा सख्खा भाऊ. नुस्तें, म्हणजे मासळी, साफ केलेल्या हातातही घसरत नाही. पण त्याच खरखरीत अंगाने माझ्या दोन पॅंटींचे खिसे क्लिपखाली कुरतडले. क्लिपखालचा भाग बारीक पॉलिश पेपरने घासून घेतला, आता त्रास नाही.

कापायचं म्हणशील तर पातं ८९ मिलिमीटर लांब आणि पाठीला साडेतीन मिलिमीटरच्या वर जाड. व्हर्नियर लावून मापलंय. घरातल्या सुरीची पाठ दीड मिलिमीटरच्या आसपास असते. हिने एकदा तवसं, म्हणजे मोठी काकडी, चिरायला घेतलं. निम्म्यापर्यंत पातं गेलं आणि पुढे तवसं कापलं न जाता फाटलं, कट्ट्यावर दोन तुकडे उडाले. पाचर ठोकल्यावर लाकडाचं जे होतं तेच. त्यानंतर तो चाकू स्वयंपाकघरात फिरकला नाही. दोर, पाण्याचा पाइप, खोक्यांच्या पट्ट्या, सिमेंटची पोती यांना मात्र तोड नाही.

आता पोलाद. डब्यावर 'डी-टू' लिहिलंय. डी-टू तुला परकं नाही, प्रेस टूलचे पंच आणि डाय त्याचेच होतात. सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम. विकणारे म्हणतात, 'जवळजवळ स्टेनलेस'. या 'जवळजवळ'वर विश्वास ठेवू नकोस. एवढा कार्बन असला की क्रोमियमचा बराच भाग तो कार्बाइडात, म्हणजे दोघांच्या कडक कणांत, बांधून टाकतो, आणि गंजाला अडवायला जे मोकळं क्रोमियम लागतं ते कमी उरतं. कार्बाइडांमुळे धार खूप टिकते, गंजाचं कारणही तेच. काळा लेप पात्याच्या अंगावर असतो. धार लावली की त्या कडेवरचा लेप जातो आणि पोलाद उघडं पडतं.

जुलैत आठ-दहा दिवस तो खणातच होता. कापडात गुंडाळून ठेवला होता, हा माझा शहाणपणा. कापडाने ओल धरली. उघडून पाहिला तर धारेच्या कडेने मोहरीएवढे तपकिरी ठिपके, ओळीने. आणि हे समुद्रापासून आत असलेल्या फोंड्यात. तू समुद्राकाठच्या वास्कोला, यार्डात, दिवसभर खाऱ्या वाऱ्यात आणि घामाच्या हातांत वावरणार. ठिपके तेल आणि बारीक पेपरने गेले. पण मनात शंका राहिली म्हणून खिळीचा टी-आठ, म्हणजे चांदणीच्या खाचेचा, स्क्रू सोडला. मुठीच्या आतले स्टीलचे पत्रे, म्हणजे लायनर, बेअरिंगभोवती गंजायला लागलेच होते, ते बाहेरून कधी दिसले नसते. (काही कंपन्या चाकू खोलला की वॉरंटी देत नाहीत. तो कागद आधी वाच, मग पान्याला हात लाव.)

कडकपणा ६० एचआरसी, म्हणजे रॉकवेलच्या सी मापावर ६०, लिहिलाय. वर्कशॉपातलं रॉकवेल मशीन आता माझ्या हाताशी नाही, आणि असतं तरी हिऱ्याच्या सुळक्याखाली दीडशे किलोचा दाब देऊन नव्या पात्यावर खड्डा कोण पाडेल? पात्याच्या मुठीकडच्या टोकाला, टाचेपाशी, जिथे धार नाही तिथे नवी फाइल हळूच फिरवली. ती घसरली, चावली नाही. म्हणजे लिहिलंय ते फारसं खोटं नसावं. पण हाच कडकपणा धार लावताना जीव काढतो. आपल्या नेहमीच्या ऑइलस्टोनवर मी पाऊण तास घासत होतो, धारेवर उठणारी बारीक किनार (बर्र) काही उठेना. डायमंड प्लेटवर पंधरा मिनिटांत काम झालं. प्लेटचे पैसे चाकूच्या किमतीतच धर.

आमच्या वाड्यावर अजून एक रेंदेर सूर (माडी) काढायला माडावर चढतो. त्याला हा चाकू दाखवला. त्याची काती लोहाराने घडवलेली, रुंद, चपटी, धारेपाशी कागदासारखी. रोज लावतो, रोज वापरतो, तिला गंजायला सवडच मिळत नाही. त्याने माझ्या पात्याची धार अंगठ्याच्या नखावर टेकवली, दोन-तीनदा उघडझाप केली, त्यालाही 'टक्' आवडलं. मग परत देत म्हणाला, एवढ्या जाड धारेने पोय (माडाचा कोवळा फुलोरा) तासली तर माड रडेल.

आता लॉक. हे नीट वाच.

माझ्या चाकूला लायनर लॉक आहे. मुठीच्या आतल्या पातळ पत्र्याची एक पट्टी कापून वाकवलेली असते. पातं उघडलं की ती स्प्रिंगसारखी आत सरकते आणि पात्याच्या टाचेमागे टेकण म्हणून उभी राहते. याचं आजचं रूप अमेरिकेतल्या मायकेल वॉकर या कारागिराने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं. कल्पना सुरेख आहे. पण सगळा भार त्या पत्र्याच्या काठावर, आणि तो टाचेवर किती बसलाय यावर तुझी बोटं.

चवथीच्या आदल्या रात्री आम्ही माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधत होतो. कुमयाच्या झाडाची साल सोलून तिचे दोर काढणं, सुंभ तोडणं, नारळांच्या पेंडीला गाठ मारणं, सगळं याच चाकूने चाललं होतं. साडेदहाच्या सुमारास सुंभाची एक ओली गाठ सुटेना, म्हणून टोक तिच्यात घालून मी पिळलं. पिळायचं नसतं हे तुम्हाला शिकवत आलो, तरी पिळलं. हातात काहीतरी मऊ झाल्यासारखं वाटलं आणि पातं मिटायला लागलं. अर्ध्यावर थांबलं, कारण उघडताना आपण दाबतो ते नाक उघड्या पात्याखाली तर्जनीसमोर येतं. पातं वळताना ते नाक माझ्या बोटावर आदळलं. बोटाला मुका मार बसला, धार पोचलीच नाही. मी शिडीवर होतो, वरती दिवा लोंबत होता, आणि खाली शेजारची दोन पोरं तोरिंगणं (पपनसं) हातात घेऊन उभी होती. कुणाला काही कळलं नाही. मी चाकू खिशात टाकला आणि कोयतीने उरलेलं काम केलं.

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर भिंग लावून पाहिलं. लायनर जिथे येऊन टेकतो त्या कोपऱ्यात सुंभाचा एक तंतू, केसाहून थोडा जाड, चिकाने घट्ट बसलेला. त्यामुळे लायनर टाचेवर पुरता सरकलाच नव्हता, जेमतेम कडेवर उभा होता. आवाज मात्र रोजच्यासारखा 'टक्' आला होता, आणि त्या आवाजावर मी चार महिने विसंबलो होतो.

तेव्हा काम सुरू करण्याआधी एकदा हळू उघड, झटका न देता. उजेडात धरून लायनर टाचेवर किती आलाय ते डोळ्यांनी पाहा. मग पात्याच्या वाटेत बोट नाही याची खात्री करून पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाब. लोक व्हिडिओत टेबलावर ठाणठाण आपटून दाखवतात, तसलं काही करू नकोस, त्याने चांगला लॉकही बिघडतो. आणि माझ्यासारखं पिळू नकोस.

तुझ्यासाठी आणखी एक अडचण आहे, ती दुकानदाराच्या लक्षात येणार नाही. तू डावखुरी. हॅकसॉ डाव्या हाताने धरतेस म्हणून बॅचमधली पोरं चिडवायची, आणि नंतर तुझाच कट सरळ निघायचा. लायनर लॉक उजव्या अंगठ्यासाठी बेतलेला असतो. डाव्या हाताने तो सोडायचा तर बोटांची टोकं मुठीत खुपसावी लागतात, किंवा अंगठा पात्याच्या वाटेत येतो. वर डाव्या मुठीत घट्ट धरून जोर लावला तर तुझीच बोटं लायनरवर दाब देणार. क्लिपही बहुतेक एकाच बाजूला. फोटोतला चाकू तुझ्या हातासाठी नाही, हे माझं स्पष्ट मत.

तुला आडव्या दांडीचा लॉक पाहा. मुठीच्या दोन्ही बाजूंना छोटी गुंडी असते, ती मागे ओढली की पातं सुटतं, हात कुठलाही असो. किंवा जुन्या पद्धतीचा पाठीकडचा लॉक, जो पाठीवरून दाबून सोडतात. उघडायला पात्याला गोल भोक असलेला मिळाला तर उत्तम. ते भोक आणि खिशाची क्लिप असलेला स्पायडरको या अमेरिकन कंपनीचा पहिला चाकू १९८१ साली आला आणि पुढे सगळ्यांनीच त्यापासून काही ना काही घेतलं. पोलाद १४सी२८एन चालेल. कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के, शिवाय थोडा नायट्रोजन. धार डी-टूइतकी टिकणार नाही, पण साध्या दगडावर लागेल आणि खाऱ्या हवेत निभावेल. पाण्यातच काम असेल तर एलसी२००एन हे पोलाद, पण ते महाग पडेल. पातं पावणेतीन-तीन इंच, पाठ अडीच मिलिमीटर, आणि काळा लेप नको. गंज लागला तर दिसायला हवा.

आता तू शेवटी लिहिलेल्या ओळीबद्दल. "रात्रपाळीहून येताना बॅगेत असला की धीर वाटतो." बाय, ती ओळ वाचून मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. वाड्यावरच्या मोकळ्या उजेडात, ओळखीच्या माणसांत, माझ्या साठी उलटलेल्या हातातला लॉक सुटला. अंधारात, धावपळीत, थरथरत्या हाताने, बॅगेची चेन उघडून चाकू शोधायचा, उघडायचा, आणि समोरच्याने मनगट धरलं तर तो कुणाच्या हातात जाणार याचा विचार करायचा, यातलं काय जमणार आहे? त्याऐवजी पळायला मोकळे हात हवेत, फोनवर ११२ हवा, आणि ओरडण्यापेक्षा मोठ्याने वाजेल अशी शिट्टी गळ्यात हवी. यार्डात पाळी संपल्यावर गाडी सोडतात का ते सुपरवायझरला विचार. तोंडी नको, अर्ज दे. अर्ज मी लिहून देतो, तशा अर्जांची मला सवय आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. शस्त्रास्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरकामाची आणि शेतीची हत्यारं वगळून. तीन इंचांचा चाकू त्यात बसत नाही. पण सणासुदीला किंवा निवडणुकीत जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात, पूर्वी कलम १४४ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली. तेव्हा तो घरी ठेव. कुणी विचारलं तर 'कामाचा चाकू, टूलबॉक्समधला' असं सांगता यायला हवं, आणि ते खरंही असायला हवं. दाबोळी असो की मोपा, विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. यार्डाच्या गेटवर काय नियम आहे तो आधी विचारून घे.

माझा चाकू मी टाकलेला नाही. लायनर साफ केले, बेअरिंगला ग्रीस लावलं, आता तो पोती आणि पाइप कापायला ठेवलाय. कापडात मात्र गुंडाळत नाही.

पुढच्या रविवारी येणार असलीस तर दुपारी जेवायलाच ये. हिने खतखतें करायचं ठरवलंय. तीन-चार दुकानांतले फोटो घेऊन ये, डाव्या हाताचं माप वहीवर आखून बघू. टी-आठचा पाना माझ्याकडे आहे. डायमंड प्लेट भाच्याने परत नेली, मिळाली तर कुणाची तरी मागून आण.

तुझे,
सर