वाचक विचारतात : गोष्ट ऐकतात, पण लिहीत नाहीत

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी चौथीला शिकवते. वर्गात 38 मुलं; बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड. एक सचित्र बालकादंबरी रोज थोडी वाचून दाखवते. मुलं रंगून ऐकतात, पण ‘आता लिहा’ म्हटलं की ऐकलेलंच उतरवतात किंवा ‘मग… मग… मग’ करत चार ओळींत गुंडाळतात. पुस्तकाची प्रतही एकच आहे. काय करावं?

उत्तर : ताई, गोष्ट सगळी सांगून झाल्यावर मुलांनी वेगळं लिहायचं काय? क्रम उलटा करा. प्रकरण वाचायच्या आधी नुसतं चित्र दाखवा, मजकुरावर कोरा कागद धरा. प्रत एकच, तेव्हा दोन गट पाडा : एक चित्राभोवती, दुसरा मागचं लेखन सुधारण्यात. शाळेत टीव्ही असेल तर पानाचा फोटो त्यावर लावा.

फळ्यावर दोन रकाने आखा, ‘दिसतं’ आणि ‘वाटतं’. ‘मुलगा घाबरलाय’ हे झालं ‘वाटतं’. कशावरून? चपला हातात घेतल्यात, मान मागे वळलीय, हे ‘दिसतं’. लिहिताना ‘वाटतं’मधला शब्द वापरायचा नाही, एवढीच अट घाला. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि मग वर्णन येत नाही म्हणून ओरड होते.

आता लेखन : या चित्राच्या आधीच्या एका मिनिटात काय घडलं? पाच-सहा वाक्यं पुरेत. मूल अख्खा दिवस सांगायला जातं, म्हणून ‘मग… मग’ होतं. वेळ आवळला की तपशील येतो. त्यानंतरच प्रकरण वाचा. पुस्तकात वेगळं निघालं की काही जण लगेच खोडरबर काढतील. खोडू देऊ नका.

भाषेचं म्हणाल, तर ‘तो पुस्तक वाचला’ हा निष्काळजीपणा नव्हे. तेलुगू-कन्नडमध्ये कर्त्याला ‘ने’ लागत नाही, क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. आणि ‘मी काम केलो’ तर सोलापुरात मराठी घरांतही सर्रास ऐकू येतं. पात्राच्या तोंडी, अवतरणचिन्हांत, ते खुशाल राहू द्या. संवाद खरा वाटतो. निवेदनात मात्र ‘त्याने पुस्तक वाचलं’ करून घ्या. त्या आठवड्यात तपासायचं ते एवढंच. पान लाल शाईने भरलं की पुढच्या वेळी मूल दोनच वाक्यं लिहितं, कमी चुका होतात म्हणून! लेखन उजव्या पानावर, दुरुस्तीला डावं कोरं. रोज आठ वह्या घेतल्या तर पाच दिवसांत वर्ग पुरा होतो.

शेवटचं प्रकरण राखून ठेवा. त्याआधी मुलांकडून एक जादा प्रकरण लिहवून घ्या : कादंबरीतला नायक संक्रांतीत गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत येतो. अख्खी जत्रा मात्र देऊ नका, पाळणा-भजी-खेळणी अशी यादी हाती पडेल. पाळण्याच्या तिकिटाची रांग द्या, तेवढीच. चित्रही मुलंच काढतील, पण लिहून झाल्यावर. रंगपेटी आधी उघडली की तास त्यातच जातो.