वावरात सापडलेला हिरवा खडा पाचू की काच?

लोणारजवळच्या वावरात वखरताना सापडलेला तुमचा हिरवा खडा दहापट भिंगातून बघा. आत गोल बुडबुडे किंवा पाकाच्या तारेसारख्या वळत गेलेल्या रेषा दिसल्या, तर ती काचच. वितळलेला रस झपाट्याने थिजला की वायू आत अडकतो. पाचू मात्र सावकाश वाढलेला स्फटिक, त्यात बहुधा बारीक चिरांची जाळी असते. शंका राहिलीच तर गारगोटीच्या टोकाने एका कोपऱ्यावर घासा. 1 ते 10 च्या मोह्स मापावर गारगोटीची कठिणता 7, काचेची साधारण 5.5, पाचूची 7.5 ते 8. घासल्यावर ओल्या बोटाने पुसा, कारण पांढरी रेघ कधी गारगोटीचीच पूड असते. पुसूनही ओरखडा राहिला तर काच धरा. अंगठीतल्या खड्यावर हे करू नका.

पण ओरखडा उठला नाही म्हणजे पाचूच, असं नाही. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्ट खडकात पाचू तयार होत नाही. त्याच्या पोकळ्यांत हिरवट कॅल्सेडनी, म्हणजे गारगोटीच्याच जातीचा दगड, मिळतो आणि तोही जवळपास गारगोटीइतकाच कठीण. लोणारची उल्काघाताने बनलेली काच बहुतेक काळी असते, त्यामुळे तुकडा आरपार हिरवा असेल तर आधी फुटक्या बाटलीचा संशय घ्या.