तिकीट स्वस्त, पण पडलं कितीला?

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती की सुट्टीत फिरायला जाताय आणि विमानाच्या तिकिटाचं काही विचारायचं असेल तर लिहा, आणि मग जे मेसेज सुरू झाले ते अजून येतच आहेत. आधीच सांगते, मी ट्रॅव्हल एजंट नाही. घरच्यांची, नातेवाईकांची, बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांची तिकीटं काढत आलेय आणि त्यात हातही चांगलेच पोळलेत, तेवढंच माझं भांडवल.

ताई नमस्कार, दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जायचंय. मी, मिस्टर, सासूबाई, मुलगी १४ ची आणि मुलगा ९ चा. ॲपवर सहज एका माणसाचं भाडं बघितलं तर ठीक वाटलं, मग पाच जण टाकले तर प्रत्येकी हजाराच्या वर वाढलं, परत एक टाकलं की परत कमी! ही चीटिंग नाही का? - एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

चीटिंग वाटते खरी, पण नाहीये. काय होतं की एकाच विमानातल्या एकसारख्या सीटा एअरलाईन वेगवेगळ्या भावाच्या टप्प्यांत विकते, खालच्या भावात थोड्या, त्या संपल्या की पुढचा भाव, त्या संपल्या की त्याच्या पुढचा. आता समजा ४,२०० च्या टप्प्यात तीनच सीटा उरल्यात आणि पुढचा टप्पा ५,३०० चा आहे. तुम्ही पाच मागितल्या की सिस्टिम काय करते, तीन इथून दोन तिथून असं करत नाही, जिथे पाचही एकत्र मिळतील तो टप्पा शोधते आणि सगळ्यांना तोच भाव लावते. म्हणजे २६,५०० झाले. तेच तुम्ही आधी तीन काढली आणि मग दोन, तर १२,६०० अधिक १०,६००, म्हणजे २३,२००. एका बाजूच्या प्रवासात ३,३०० वाचले, परतीचंही असंच जमलं तर गोव्यातलं दोन दिवसांचं जेवण निघालं.

शोधायचं कसं तर एक माणूस टाकून बघा, मग दोन, मग तीन, जिथे भाव उडी मारतो तिथे थांबा. दहा मिनिटांचं काम आहे, पण हे करायला बसलात की लगेच तिकीट काढायच्या तयारीनेच बसा, कारण तुम्ही चहा ठेवायला गेलात तेवढ्यात त्या तीन सीटा दुसऱ्या कोणी उचलल्या तर मग मला शिव्या नका देऊ.

एक गोष्ट मात्र नीट बघा, कोण कोणाबरोबर जाईल ते. डीजीसीएने, म्हणजे एअरलाईन्सवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२४ मध्ये एअरलाईन्सना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा बाबांपैकी एकाच्या शेजारची सीट द्यायची, पण त्याच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, असतील तर. म्हणून धाकटा तुमच्याबरोबर किंवा मिस्टरांबरोबरच ठेवा, स्वस्त पडतंय म्हणून त्याला आजी आणि ताईच्या तिकिटात टाकू नका. सासूबाईंनाही एकटं वेगळ्या पीएनआरवर ठेवू नका, कारण फ्लाईट रद्द झाली तर दोन पीएनआर म्हणजे त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी कुटुंबं, एकाला सकाळची देतील आणि दुसऱ्याला रात्रीची.

आता गोव्याचं. तिथे दोन एअरपोर्ट आहेत हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. जुना दाबोळी, वास्कोजवळ, आणि २०२३ पासून सुरू झालेला मोपा, तो पार उत्तरेला पेडण्यात. तुमचं हॉटेल मोरजी-हरमलकडे असेल तर मोपा बरा, कोलवा नाहीतर पाळोळे असेल तर दाबोळी. तिकीट आठशेने स्वस्त दिसलं म्हणून मोपाला उतरून पाळोळ्याला गेलात तर पाच माणसं आणि बॅगा म्हणजे मोठी गाडी लागणार, अख्खा गोवा आडवा घालायचा, ते आठशे पहिल्या अर्ध्या तासात संपतात. मी तर कागदावर घरापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा हिशोब मांडते, बिजासनच्या आपल्या एअरपोर्टपर्यंतची रिक्षा धरून. घरचे हसतात, हसू देत.

आणि तारखा एक-एक दिवसाने हलवून बघा. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी सगळं इंदूर परत येत असतं, शनिवारी आलात तर बरेचदा बराच फरक पडतो.

हाय ताई, आम्ही दोघं मित्र फेब्रुवारीत बँकॉकला जायचं म्हणतोय. इंदूरहून एका तिकिटात काढलं तर फार महाग आहे, पण मुंबईहून वेगळं काढलं तर माणशी सात-आठ हजार स्वस्त दिसतं. इंदूर-मुंबई वेगळं, मुंबई-बँकॉक वेगळं असं करावं का? - विजय नगर

करा, पण मध्ये एक रात्र नाहीतर अख्खा दिवस ठेवा. हे मी इतक्या ठामपणे का सांगतेय ते ऐका. मागे एकदा मी आणि बहीण कोचीला निघालो होतो, मी हुशारी केली, इंदूर-मुंबई एका एअरलाईनचं आणि पुढचं दुसऱ्या एअरलाईनचं, दोन्ही मिळून साडेतीन हजार वाचले म्हणून जाताना गाडीत बहिणीला ऐकवतही होते. मध्ये सव्वादोन तास होते. पहिलं विमान सव्वा तास लेट. मुंबईला उतरलो तर बॅग बेल्टवर यायची वाट बघा, कारण वेगळी तिकीटं म्हणजे बॅग पुढे आपोआप जात नाही, आणि पुढची फ्लाईट दुसऱ्या टर्मिनलवरून! मुंबईत टर्मिनल वन आणि टू हे रस्त्याने चार-पाच किलोमीटर आहेत भिया, आतून चालत जायचं काम नाही. पोचलो तेव्हा काउंटर बंद. पहिल्या एअरलाईनचं म्हणणं आम्ही तुम्हाला मुंबईला पोचवलं, दुसरीचं म्हणणं तुम्ही वेळेवर आला नाहीत, आणि दोघंही कागदावर बरोबर! नवीन तिकीटं ऐनवेळच्या भावाने घेतली, वाचवलेल्याच्या तिप्पट गेले आणि बहिणीने कोचीत चार दिवस एक शब्द काढला नाही, फक्त बघायची माझ्याकडे.

एका तिकिटात काढलेलं महाग असतं त्यात या सगळ्याचे पैसे असतात, पहिलं लेट झालं तर पुढचं बसवून देणं ही त्यांची जबाबदारी असते. वेगळं काढलं की ती जबाबदारी तुमच्या डोक्यावर.

तुम्ही दोघं तरणे आहात, सरळ अवंतिका एक्सप्रेसने जा. संध्याकाळी इथून बसलं की पहाटे मुंबई, बोरिवलीला उतरलात तर एअरपोर्ट आणखी जवळ, आणि फ्लाईट रात्रीची घ्या म्हणजे गाडी लेट झाली तरी दिवस हातात आहे. फक्त यात एक गोची आहे, रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (आधी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं), विमानाचं तुम्ही त्याच्या कितीतरी आधी काढणार, तर कॅलेंडरवर ती ६० दिवसांची तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी आठला लॉग-इन करून बसा. परतीचीही तारीख लिहा, परतीची सगळेच विसरतात. आणि मुंबईचं बघताना नवी मुंबईचा एअरपोर्टही आता चालू झालाय, तिकिटावर कुठला आहे ते वाचा, बोरिवलीला उतरून नवी मुंबईला जायचं म्हणजे दुसरा प्रवासच.

कोलकात्याहूनही बँकॉक बघा, अंतर कमी म्हणून कधीकधी मस्त भाव मिळतो, पण तिथपर्यंत जायचा खर्च मिळवून मगच खूश व्हा. बँकॉकलाही दोन एअरपोर्ट आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग, तिथून पुढे फुकेत वगैरे करणार असाल तर दोन्ही फ्लाईट एकाच एअरपोर्टच्या आहेत ना ते बघा. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकीट काढायच्या दिवशी सरकारी साइटवरच वाचा, मित्राच्या रीलवरून नको. आणि मे २०२५ पासून थायलंडला जायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरावं लागतं, ते फुकट आहे, कुठली साइट पैसे मागत असेल तर ती बंद करा.

पॅकेजचं विचारलं नाहीत तरी सांगते, परदेशाचं टूर पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, कापतात, नुसत्या तिकिटावर नाही. तो रिटर्न भरताना परत मिळतो पण तोवर पैसे अडकतात.

माझं वय ६७, सौ. ६३. (१) ज्येष्ठ नागरिकांना विमानात सवलत असते का? (२) मंगळवारी रात्री बारानंतर तिकीट स्वस्त होतं, आणि मोबाईलवर परत परत बघितलं तर ते आपल्याला ओळखून भाव वाढवतात, हे खरं का? कृपया स्पष्ट उत्तर द्यावे. - राजेंद्र नगर

काका, स्पष्टच देते. सवलत काही एअरलाईन्समध्ये आहे, साठीच्या पुढे, पण ती मूळ भाड्यावर असते, एअरपोर्टचे चार्ज आणि टॅक्सवर नाही, म्हणून जितके टक्के लिहिलेत तितकी एकूण रक्कम कमी होत नाही. त्यातून मजा अशी की सवलतीचं तिकीट बरेचदा साध्या सेलच्या तिकिटापेक्षा महाग निघतं, कारण सवलत वरच्या टप्प्याच्या भाड्यावर देतात. दोन्ही बघा आणि शेवटच्या पानावरची रक्कम जिथे कमी ते घ्या. सवलत घेतलीत तर वयाचा पुरावा दोघांचा जवळ ठेवा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, त्यामुळे तुमची चिडचिड मला समजते.

मंगळवारचं खरं नाही. ओळखून भाव वाढवतात तेही नाही हो, वर लोकमान्य नगरच्या ताईंना सांगितलं ते टप्प्यांचं वाचा, तुम्ही दुपारी बघितलं आणि संध्याकाळी बघितलं तेवढ्यात खालचा टप्पा संपलेला असतो. रात्री जागू नका. गूगल फ्लाइट्सवर तुमचा मार्ग आणि तारीख टाकून भाव ट्रॅक करायचं बटण आहे, नातवाला सांगा, तो लावून देईल, भाव हलला की मेल येतो. तुम्हाला तर शाळा-ऑफिस काही नाही, मंगळवारी-बुधवारी प्रवास करा. तिकीट मंगळवारी काढायचं नाही, *बसायचं* मंगळवारी! बहुतेक त्यातूनच ती अफवा निघाली असावी.

तिकीट नॉन-रिफंडेबल होतं, मुलाला डेंग्यू झाला म्हणून रद्द केलं. एजंट म्हणतो एक पैसा मिळणार नाही. तिघांचे १९ हजार गेले समजायचे का? - सुदामा नगर

सगळे नाही. मुलगा बरा आहे ना आता?

डीजीसीएचा नियम आहे की तिकीट कितीही नॉन-रिफंडेबल असलं तरी एअरपोर्टचे चार्ज आणि टॅक्स परत द्यावेच लागतात, कारण तुम्ही उडालाच नाहीत तर एअरपोर्ट वापरलाच नाही. कॅन्सलेशन चार्जही मूळ भाडं अधिक फ्युएल सरचार्ज याच्यापेक्षा जास्त लावता येत नाही. तिकिटाच्या पीडीएफमध्ये भाड्याची फोड असते, त्यातला यूडीएफ (एअरपोर्ट वापरायचा चार्ज) वगैरेचा आकडा बघा, तिघांचा मिळवा, आणि तेवढा मागा. एजंटमार्फत काढलं असलं तरी रिफंडची जबाबदारी एअरलाईनचीच आहे, म्हणून एजंटशी वाद घालत बसू नका, एअरलाईनला मेल टाका आणि दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. डॉक्टरचं सर्टिफिकेटही जोडा, आजारपणात काही एअरलाईन्स थोडं जास्त सोडतात, मागून बघायला काय जातं.

पुढच्या वेळी शक्यतो एअरलाईनच्याच साइटवरून काढा. प्रवासाची तारीख पुरेशी लांब असेल तर तिथे काढलेलं तिकीट निदान २४ तासांच्या आत बिनदंड रद्द करता येतं, आणि नावाची चूकही त्याच वेळात सांगितली तर फुकट दुरुस्त होते. ही नावाची भानगड आपल्याकडे फार, आधारवर लग्नानंतरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं!

ताई पुण्याला बहिणीकडे विमानाने जातेय, सेव किती किलो नेता येईल? आणि लोणचं? - रामबाग

सेवेला बंदी नाही. खाली जाणाऱ्या बॅगेत बहुतेक ठिकाणी १५ किलो आणि हातातल्या बॅगेत ७ किलो चालतं, त्यात तुमचे कपडे बसवून उरेल ती सगळी सेव. हातातल्या बॅगेत ठेवलीत तर चुरा होत नाही. मिरचीचं लोणचं मात्र हातात अजिबात नको, सिक्युरिटीला काढून घेतात, बरणीला दोन पिशव्या बांधून खालच्या बॅगेत टाका आणि बॅगेत पांढरी साडी असेल तर ती दुसरीकडे ठेवा.